वखारीतून निघालेली जगज्जेती मोटार

लंडनच्या नैऋत्येला सरे नावाचा परगणा आहे. तेथील ऑकहॅम गावी टिरेल बंधूंची लाकडाची वखार होती. ओंडके उतरवायचे, कापायचे आणि विकायचे, असा साधा सरळ धंदा. या वखारीच्या आवारातल्या लाकडी शेडमध्ये ज्या संघाचे काम चाले, त्या संघाच्या मोटारीने १९७१ साली फॉर्म्युला वन शर्यतींचे जगज्जेतेपद पटकावले, तेही फेरारीसारख्या नामांकित कारखान्याला मागे टाकून!

महाविद्यालयात लघुउद्योगाचा धडा शिकवताना मी अधूनमधून या वखारीचे उदाहरण देतो. माझ्या वर्गातली बरीच मुले उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांच्या घरांतली असतात. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या ऐकताना जांभया देणारी ही मुले टिरेलची गोष्ट निघाली की सरसावून बसतात. चार कामगार आणि दोन लेथ यांच्या जोरावर मोठ्या कारखान्याशी टक्कर देता येते का, आणि आली तर ती किती दिवस टिकते, हा प्रश्न त्यांच्या घरात रोजच्या जेवणाबरोबर वाढला जातो. म्हणूनच ही गोष्ट आज थोडी विस्ताराने सांगतो.

फुटबॉल क्लबची सहल

केन टिरेल यांचा जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम केले आणि युद्ध संपल्यावर भावाबरोबर लाकडाच्या धंद्यात पडले. मोटार शर्यतींशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. १९५१ मध्ये गावच्या फुटबॉल क्लबने सिल्व्हरस्टोनची शर्यत पाहण्यासाठी बस काढली, त्या बसमध्ये केनही होते. तेथे छोट्या ५०० सीसी मोटारींची शर्यत पाहून त्यांच्या मनाने घेतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तशी एक कूपर मोटार विकत घेतली.

काही वर्षे ते स्वतः गाडी चालवत होते. मग त्यांच्या लक्षात आले, की आपण पहिल्या दर्जाचे चालक नाही. असा निकाल स्वतःबद्दल देणे सोपे नसते. त्यांनी तो दिला, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती सोपवले आणि आपण संघ चालवू लागले. माणूस पारखण्याची त्यांची नजर मात्र अव्वल होती. मोटारसायकलचा विश्वविजेता जॉन सर्टीस १९६० मध्ये आपल्या आयुष्यातली पहिली मोटार शर्यत धावला, तो टिरेल यांच्याच गाडीतून. १९६४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या एका गॅरेजवाल्याच्या मुलाला चाचणीसाठी बोलावले. हा मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्या गॅरेजमध्ये कामाला लागला होता. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या या मुलाला डिस्लेक्सिया आहे, हे चाळिशी उलटेपर्यंत कोणाला कळले नाही. त्याचे नाव जॅकी स्टुअर्ट.

बाजारात मिळणारे इंजिन

येथे थोडे अर्थशास्त्र आले पाहिजे. वखारवाल्याच्या संघाला फॉर्म्युला वनमध्ये उतरता आले, याचे मुख्य कारण एक इंजिन होते. फोर्ड कंपनीच्या पैशाने कॉसवर्थ या छोट्या इंग्लिश कंपनीने ‘डीएफव्ही’ नावाचे इंजिन बनवले. १९६७ मध्ये हॉलंडच्या झांडव्हूर्ट येथे ते पहिल्यांदा धावले आणि पहिल्याच शर्यतीत जिंकले. पुढच्या वर्षापासून ते इतर संघांनाही विकत मिळू लागले. गिअरबॉक्स ह्यूलँडचा मिळत होता आणि टायर टायर कंपन्या देत होत्या. म्हणजे मोटारीचे सर्वांत महागडे, सर्वांत अवघड भाग बाजारात तयार होते. उरले ते नीट जुळवणे, नीट चालवणे आणि नीट माणसे सांभाळणे. या तीन गोष्टींत लहान कारखाना मोठ्याला कधीही हार जात नाही, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला टिरेल यांच्याकडे स्वतःची गाडीही नव्हती. फ्रान्सच्या मात्रा कंपनीची गाडी, फोर्डचे इंजिन आणि टिरेल यांची व्यवस्था अशी ही भागीदारी १९६८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगच्या धुक्यात आणि पावसात, दुखावलेल्या मनगटाने गाडी चालवत स्टुअर्टने चार मिनिटांहून अधिक फरकाने शर्यत जिंकली. जिथे सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो, त्या खेळात हे अंतर अवाढव्य म्हणावे लागेल. १९६९ मध्ये स्टुअर्ट जगज्जेता झाला.

गुपचूप बांधलेली गाडी

दुसऱ्याच्या वस्तूवर धंदा करणाऱ्याला कधीतरी झटका बसतोच. १९७० साठी मात्राने आग्रह धरला, की यापुढे आमच्या गाडीत आमचेच इंजिन बसले पाहिजे. टिरेल आणि स्टुअर्ट यांना फोर्डचेच इंजिन हवे होते. त्यांनी तात्पुरती मार्च कंपनीची गाडी विकत घेतली, पण त्या गाडीत दम नव्हता. तेव्हा केन यांनी डेरेक गार्डनर या अभियंत्याला गाठले आणि स्वतःची गाडी बनवायचे ठरवले. बातमी बाहेर फुटू नये म्हणून गार्डनर यांनी आराखड्याचे काम आपल्या घरच्या गॅरेजमध्ये केले. ऑगस्ट १९७० मध्ये ‘टिरेल ००१’ लोकांसमोर आली, तेव्हा शर्यतींच्या जगात सगळे चकित झाले.

पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, एकूण अकरा शर्यतींपैकी सहा स्टुअर्टने आणि एक त्याचा तरुण फ्रेंच साथीदार फ्रान्स्वा सेव्हेर याने जिंकली. चालकाचे आणि गाडी बनवणाऱ्याचे अशी दोन्ही विजेतेपदे वखारीत आली.

संघाचा कारभार घरच्यासारखा होता. केन यांच्या पत्नी नोरा शर्यतींना बरोबर असत आणि माणसांच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देत. स्टुअर्टची पत्नी हेलन हातात स्टॉपवॉच घेऊन फेऱ्यांच्या वेळा टिपत असे. आपल्याकडे कानडीत म्हणतात, ‘कै केसरादरे बायी मोसरु’. हात चिखलात माखले, तर तोंडाला दही मिळते. टिरेल कुटुंबाच्या बाबतीत चिखलाच्या जागी ग्रीस आणि लाकडाचा भुसा होता, एवढाच फरक.

वॉटकिन्स ग्लेन, १९७३

पण या खेळात दह्याबरोबर विषही होते. त्या काळी दरवर्षी चालक मरत. स्टुअर्टलाच १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे अपघात झाला होता. पेट्रोलने भिजलेल्या मोडक्या गाडीत तो अडकून पडला आणि दोन सहकारी चालकांनी त्याला बाहेर काढले. तेव्हापासून तो सुरक्षिततेसाठी भांडत राहिला आणि त्यासाठी अनेकांच्या शिव्याही खात राहिला.

१९७३ च्या एप्रिलमध्येच त्याने हंगामाच्या अखेरीस निवृत्त व्हायचे ठरवले आणि केन यांना तसे सांगितले. बायकोला सांगितले नाही. कळले असते, तर उरलेल्या शर्यती ती एकेक करून मोजत बसली असती, म्हणून. सेव्हेरलाही कल्पना नव्हती, की पुढच्या वर्षी संघाचा पहिला चालक आपणच होणार आहोत. स्टुअर्टने तिसरे जगज्जेतेपद निश्चित केले. शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे होती. ती स्टुअर्टची शंभरावी शर्यत ठरणार होती.

६ ऑक्टोबर रोजी सरावात सेव्हेरच्या गाडीला अपघात झाला आणि तो जागीच गेला. वय अवघे एकोणतीस. संघाने शर्यतीतून माघार घेतली. त्या माघारीने गाडी बनवणाऱ्यांच्या विजेतेपदाची उरलीसुरली आशाही संपली, पण त्याचा विचार कोणी केला नाही. स्टुअर्टची शंभरावी शर्यत कधीच झाली नाही. एकाच दिवसात त्या संघाने दोन्ही मुलगे गमावले, असेच म्हटले पाहिजे. एक मृत्यूमुळे, दुसरा निवृत्तीमुळे.

सहा चाकांची गाडी

दुसरा कोणी असता तर शेडला कुलूप लावून पुन्हा लाकडे विकत बसला असता. टिरेल टिकून राहिले, आणि नुसते टिकले असे नव्हे, १९७६ मध्ये त्यांनी चक्क सहा चाकांची गाडी मैदानात उतरवली. पुढच्या बाजूला दहा इंची रिमची चार छोटी चाके, मागे नेहमीची दोन मोठी. कल्पना गार्डनर यांची. पुढची चाके लहान असली की हवेला अडथळा कमी होतो, आणि चार असली की रस्त्याची पकड व ब्रेक चांगले मिळतात, असा हिशेब होता. हिशेब खरा ठरला. स्वीडनच्या शर्यतीत जोडी शेक्टर पहिला आणि पात्रिक देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली ही फॉर्म्युला वनची एकमेव शर्यत आहे.

मग ती गाडी बंद का पडली? कारण साधे होते. इतके छोटे टायर जगात या एकाच संघाला लागत. टायर कंपनी बाकीच्या सर्वांसाठी मोठ्या टायरमध्ये सुधारणा करत गेली आणि छोटे टायर मागे पडले. १९७७ नंतर ती गाडी निकालात निघाली. ज्याला एकच गिऱ्हाईक आहे त्या मालाकडे पुरवठादार किती लक्ष देणार? हा मुद्दा आला की माझ्या वर्गातली मुले एकमेकांकडे पाहून हसतात. घरी ऐकलेले असते.

पैशाची शर्यत

खरी उतरण सुरू झाली ती टर्बो इंजिनांमुळे. १९७७ मध्ये रेनॉने टर्बो इंजिन आणले. पाठोपाठ फेरारी, बीएमडब्ल्यू, होंडा आल्या. ही इंजिने कारखान्यांची स्वतःची, किंवा त्यांनी निवडलेल्या संघांपुरती. दुकानात जाऊन पैसे मोजून आणता येईल असे जिंकणारे इंजिन उरले नाही. टिरेल जुन्या कॉसवर्थवर लढत राहिले. १९८३ मध्ये डेट्रॉइटला मिकेले आल्बोरेतोने जिंकलेली शर्यत ही टिरेलची तेविसावी आणि शेवटची जीत ठरली. त्या जुन्या इंजिनाच्या घराण्याचीही ती शेवटचीच.

१९८४ चे प्रकरण तर जिव्हारी लागणारे. टर्बो नसलेला हा एकमेव संघ, आणि त्याचे तरुण चालक मार्टिन ब्रंडल व श्टेफान बेलोफ मोठमोठ्यांना घाम फोडत होते. त्यांच्या गाडीत पाण्याची टाकी असे आणि शर्यत संपत आली की ती पुन्हा भरली जाई. तपासणीत त्या पाण्यात शिशाच्या गोळ्या निघाल्या. गाडी हलकी पळवून शेवटी वजन पुरे करता, असा आरोप झाला आणि संघाचे वर्षभराचे सर्व गुण काढून घेऊन त्याला बाद केले. केन यांनी आरोप कधीही मान्य केला नाही. इंधनाच्या नियमात बदल करायला सर्व संघांची संमती लागत होती आणि टर्बोवाल्यांना हव्या त्या बदलाच्या आड टिरेल येत होते, म्हणून शिक्षा इतकी कडक झाली, असे मानणारे आजही बरेच आहेत. शिशाच्या गोळ्या समर्थनीय होत्या, असे मी म्हणणार नाही. पण दंडाचे ओझे लहान माणसाच्या पाठीवर जास्त बसते, एवढे खरे.

त्यानंतरही शेडमध्ये कल्पना संपल्या नव्हत्या. १९९० च्या ‘०१९’ गाडीचे नाक त्यांनी वर उचलले, म्हणजे खालून हवा मोकळी जाईल. त्या वर्षी जाँ आलेझी मोनॅकोत दुसरा आला आणि थोड्याच वर्षांत सगळ्या संघांनी नाके वर उचलली. कल्पना एकाची, फळ सर्वांना!

नाव गेले, वंश राहिला

१९९७ च्या अखेरीस केन यांनी संघ विकला. घेणारी होती एका सिगारेट कंपनीच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी. १९९८ चा एक हंगाम टिरेल नावाने चालायचा होता. नव्या मालकांनी चालक निवडताना प्रायोजकांचा पैसा बरोबर आणणारा निवडला. केन यांना योस व्हर्स्टापेन हवा होता (आजच्या मॅक्सचे वडील). हंगाम सुरू होण्याआधीच ते बाजूला झाले. २००१ च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता पुढचे ऐका. विकलेला संघ १९९९ मध्ये ‘बार’ झाला, २००६ मध्ये होंडा झाला, २००९ मध्ये रॉस ब्रॉन यांच्या नावाने दोन्ही विजेतेपदे जिंकला, आणि २०१० पासून तोच मर्सिडीज आहे. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे गाडी बनवणाऱ्यांचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या संघाचा मूळपुरुष लाकडाचा व्यापारी होता.

आपल्यालाही अशी एक वंशावळ जवळची आहे. एडी जॉर्डन यांच्या ज्या संघातून २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय फॉर्म्युला वनमध्ये धावला, तोच संघ हात बदलत बदलत २००८ मध्ये बेंगळूरच्या विजय मल्ल्यांकडे येऊन ‘फोर्स इंडिया’ झाला. २०१८ मध्ये तो आर्थिक संकटात सापडून पुन्हा विकला गेला. आज तो ॲस्टन मार्टिन नावाने धावतो.

वर्गात शेवटी प्रश्न येतोच, ‘सर, मग टिरेल हरले की जिंकले?’ एका मुलीने तर विचारले, वडिलांनी वर्कशॉप विकायचे म्हटले तर वाईट वाटून घ्यायचे का? मी तिला सांगितले, ते दुसऱ्या कोणी ठरवायचे नाही. पण टिरेल यांनी गाडीत कोण बसणार, हे पैसा ठरवू लागेपर्यंत धंदा सांभाळला आणि तसे होताच ते उठून गेले. कधी बसायचे आणि कधी उठायचे, हे ज्याला कळले त्याचा धंदा बुडाला, असे मी तरी म्हणणार नाही. ऑकहॅमची ती लाकडी शेड पुढे मोडून न टाकता सुटी करून गुडवूडच्या शर्यत मैदानावर नेली आणि तेथे पुन्हा उभी केली आहे. उद्यमबागेतल्या कोणाला तिकडे जायचा योग आला, तर त्याने ती जरूर पाहावी.