एस.टी.तली राखीव जागा

यंदा चकल्यांचा पहिला घाणा उतरत असतानाच आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, मी वकिली शिकणार आणि पुढे निवडणूक लढवणार!"

सौभाग्यवतींचा झारा कढईतच थबकला. "वकिली कर हवी तर. पण राजकारण नको रे बाबा!"

पांढरपेशा घरात याहून निराळे काय ऐकू येणार? आपण मत देतो आणि पुढची पाच वर्षे पुढाऱ्यांना नावे ठेवतो. मीही तेच करीत आलो आहे. पण त्या दिवशी मला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवले.

वाचकहो, एस.टी.त आमदारांसाठी जागा राखून ठेवलेली असते. त्या जागेवर बसलेला आमदार आपण कधी पाहिलात? सांगोल्याच्या लोकांनी पाहिला, कारण त्यांचे आबासाहेब एस.टी.नेच प्रवास करीत.

पेशाने ते वकील. 1962 साली, पस्तिशीच्या आसपास, शेतकरी कामगार पक्षातर्फे ते सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर गेले. 2014 ची निवडणूक धरून ते अकरा वेळा निवडून आले; मतदारसंघ एकच आणि पक्षही एकच. दोनदा, 1978 आणि 1999 साली, मंत्रीपद लाभले. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. पक्ष आक्रसत गेला, शेजारचे बाक रिकामे झाले. यांनी मात्र उडी मारली नाही.

विरोधी आमदाराच्या हाती असते तरी काय? प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना. कागद वाचून नेमके बोट ठेवायचे, म्हणजे वकिलाचेच काम! फरक एवढाच, की इथे अशील म्हणजे अख्खा दुष्काळी तालुका. कापसाच्या पट्ट्यात नसलेल्या या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. कृष्णेच्या पाण्यासाठी 1993 पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या परिषदा भरू लागल्या. तिथे नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने तेही उभे राहिले. हा दावा मात्र एका तारखेत निकाली निघणारा नव्हता. त्यात माणसाचे आयुष्य सरते.

आणि एवढे करूनही लोकांनी त्यांना दोनदा पाडले. 1972 साली हरले, ते 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. 1995 साली तर अवघ्या 192 मतांनी गेले; 1999 साली पुन्हा निवडून आले. 2019 साली त्यांनी निवडणूक लढवली नाही, आणि 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. जवळजवळ पन्नास वर्षांची आमदारकी ही. पण मला अधिक मोलाची वाटते ती मधली पराभवाची वर्षे. खुर्ची गेल्यावर माणूस कुठे जातो, यावरून तो खुर्चीवर कशासाठी बसला होता ते कळते.

हे सारे मी चिरंजीवांना सांगितले. म्हटले, "खुशाल लढव. पण 192 मतांनी पडल्यावर, ज्यांनी पाडले त्यांच्याच कामासाठी बाहेर पडशील का, ते आधी ठरव."

तो गप्प झाला. सौभाग्यवतींनी मात्र चकल्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि हळूच विचारले, "एस.टी.नेच जाशील ना रे?"