लेथला कळू द्या, टूल कुठे आहे

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतला किंवा साकीनाक्याच्या गाळ्यातला टर्नर डायल वाचतो, मायक्रोमीटर लावतो आणि मगच पुढचा कट घेतो. हौसेने घरी बांधलेल्या संगणकचलित लेथवर अशी खात्री करणारे कोणी नसते. संगणक स्टेपर मोटरला पावले मोजून देतो. ती खरोखर पडली का, हे त्याला कळत नाही.

नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. स्क्रू फेऱ्याला स्लाइड 5 मिमी सरकवत असेल, तर एक पाऊल 0.025 मिमीचे. जोर कमी पडला की मोटर सहसा चार पावलांच्या पटीत चुकते. क्रॉस स्लाइडवर ते झाले 0.1 मिमी, आणि जॉब गोल असल्याने व्यासात थेट 0.2 मिमी. अशा शाफ्टवर बेअरिंग नीट बसत नाही.

मोटरच्या मागे एन्कोडर लावला, तर मोटर किती फिरली ते समजते. स्क्रू आणि नटमधला खेळ मात्र त्याला दिसत नाही. स्लाइडवर काचेची लिनियर स्केल बसवली, तर प्रत्यक्ष सरकणे मोजले जाते. हौशी कामाला 5 मायक्रॉनची स्केल पुरते. पण खेळ जास्त असताना नियंत्रण स्केलवर सोपवले, तर स्लाइड मागेपुढे थरथरत राहते. म्हणून आधी खेळ काढा. स्केलचे रबरी सील कीस आणि कूलंटच्या उलट्या दिशेला ठेवा.

आटे पाडायचे असतील, तर स्पिंडलवर एन्कोडर हवाच. दर फेऱ्याला मिळणाऱ्या एका इंडेक्स पल्समुळे टूल प्रत्येक वेळी त्याच आट्यात शिरते. खर्च बेताचा ठेवायचा असेल, तर सुरुवात इथूनच करा.