नवख्याच्या वेषातील निष्णात

स्पर्धा रंगण्यासाठी प्रतिस्पर्धी तुल्यबळ असावे लागतात. ऑनलाइन खेळांत अशा जोड्या जुळविण्याचे काम संगणक करतो. त्यामागील तत्त्व बुद्धिबळातून आले आहे. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तीनुसार दोघांत ४०० गुणांचे अंतर असल्यास वरचढ खेळाडूला दहा डावांत सरासरी नऊ गुण मिळणे अपेक्षित असते.

संगणक मात्र व्यक्तीला नव्हे, तिच्या खात्याला ओळखतो. निष्णात खेळाडूने नवे खाते उघडले की त्याचा पूर्वेतिहास पुसला जातो आणि त्याची गाठ नवशिक्यांशी पडते. या प्रकारास ‘स्मर्फिंग’ म्हणतात. कोणी सहज विजयासाठी, कोणी नवख्या मित्रासोबत खेळण्यासाठी, तर कोणी वरच्या श्रेणीला नेलेले खाते विकण्यासाठी हा मार्ग पत्करतो.

अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले, की माल पारखता येत नसेल तर चांगल्या मालाचे विक्रेते बाजारातून बाहेर पडतात. येथे बाहेर पडतो तो खरा नवशिका. सतत हरल्यामुळे त्याला स्वतःची प्रगती दिसतच नाही. फसवणुकीचा लाभ एकाचा, किंमत मात्र इतरांनी मोजायची!

मुळाशी कारण एकच: नवी ओळख फुकट मिळते. म्हणून उपाय तिची किंमत वाढविण्याचा आहे. ‘डोटा २’ या खेळात २०१७ पासून मानांकित सामन्यांसाठी दूरध्वनी क्रमांक जोडणे आवश्यक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या निर्मात्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने अशी ९०,००० खाती बंद केल्याचे जाहीर केले आणि यापुढे मूळ खात्यावरही कारवाई होऊ शकेल, असे बजावले.

तथापि, अट जितकी कडक, तितका प्रामाणिक नवागतालाही अडथळा. एकाच मोबाईलवर खेळणाऱ्या दोन भावंडांना ‘एक क्रमांक, एक खाते’ हा नियम जाचक ठरतो. त्यामुळे नव्या खात्याचा खेळ पाहून त्याचे गुणांकन झपाट्याने सुधारणे, ही जोड आवश्यक ठरते.

भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-क्रीडेला मान्यता दिली. मान्यतेमुळे नवे खेळाडू येतील. ते टिकतील की नाही, हे पहिल्या काही सामन्यांत त्यांच्यासमोर कोण उभे राहते यावरच अवलंबून राहील.