तेराव्या महिन्यासाठी

कॅनडात २०२४ पर्यंत पाच सामान्य माणसे एकत्र आली, तर ती एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकत. कुटुंबाची कागदपत्रे, सुरक्षेची आणि आरोग्याची तपासणी, व्हिसा हे सरकार पाहते. विमानतळाबाहेर पाऊल पडले, की भाडे, किराणा, गाद्या, शाळा, दवाखाना, बसचा पास हे सगळे पुढचे बारा महिने त्या माणसांच्या अंगावर असते.

ही व्यवस्था खऱ्या अर्थाने कामाला लागली १९७९ मध्ये. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून लोक मिळेल त्या होडीने बाहेर पडत होते. टोरांटोत हॉवर्ड अ‍ॅडेलमन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या घरी शेजारीपाजारी जमले आणि त्या बैठकीतून ‘ऑपरेशन लाइफलाइन’ उभे राहिले. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत सुमारे ६० हजार निर्वासित कॅनडात आले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना नागरिकांच्या गटांनी, चर्चनी आणि मंडळांनी आणले होते. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक कोणा एका व्यक्तीला न देता ‘कॅनडाच्या जनतेला’ दिले गेले, ते यामुळेच.

सीरियाच्या युद्धाने हे काम पुन्हा घराघरांत पोचवले. जून २०१५ मध्ये टोरांटोत ‘लाइफलाइन सीरिया’ ही संस्था सुरू झाली. तिच्या तेव्हाच्या अध्यक्ष रत्ना ओमिदवार मूळच्या अमृतसरच्या. लग्नानंतर त्या इराणला गेल्या आणि क्रांतीनंतर तिथून निघून १९८१ साली कॅनडात आल्या. सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या चिमुकल्या मुलाचे छायाचित्र सगळ्या जगाने पाहिले आणि ठिकठिकाणी गट तयार होऊ लागले. मिसिसागातला आमचा गटही त्याच दिवसांतला. त्यात एक निवृत्त परिचारिका होती, एक हिशेबनीस, एक शाळामास्तर, एक बसचालक, मी, आणि कंपालाहून आलेल्या एक गोवेकर आंटी.

या आंटींमुळे आमच्या कामाला वळण लागले. इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा कॅनडाने सात हजारांच्या आसपास लोकांना घेतले. त्यांत इस्माइली कुटुंबे अधिक होती, आणि गोव्याची माणसेही बरीच होती. आंटी तेव्हा तरुण होत्या. गटाच्या बैठकीत कुणी म्हणाले, की येणाऱ्या कुटुंबातल्या बाईंना हा सोफा आवडेल, त्यांना या भागात बरे वाटेल, की आंटी माझ्याकडे वळून कोंकणीत म्हणायच्या, “तांकां विचार गो.” त्यांना विचार. पुढे गटात ही रीतच पडली.

पण विचारायला माणसे समोर असायला हवीत, आणि ती यायला वेळ लागला. नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात सरकारने २५ हजारांहून अधिक सीरियन निर्वासित आणले. त्यानंतर वेग मंदावला. आम्ही सरकारशी करार असलेल्या एका चर्चच्या छत्राखाली अर्ज केला होता. चार जणांच्या कुटुंबासाठी त्या काळी सरकारी तक्त्यात वर्षाचा खर्च सुमारे २७ हजार डॉलर धरलेला होता. टोरांटोच्या परिसरातली भाडी पाहता तो पुरणार नव्हता, म्हणून आम्ही जास्त जमवले. काही गटांनी आधीच घर भाड्याने घेतले आणि रिकाम्या घराचे भाडे महिनोन् महिने भरत राहिले. आम्ही घर घेतले नाही, सामान मात्र गोळा करत राहिलो.

सामान गोळा करण्यातही शिस्त लागते. लोक मनापासून देतात, पण काय द्यावे हे त्यांना कुणीतरी नीट सांगावे लागते. आमची यादी नेमकी होती. गाद्या नव्याच घ्यायच्या, कारण जुन्या गादीतून ढेकूण आले तर सगळी इमारत हैराण होते. टेबल, खुर्च्या, भांडी जुनी चालतील. कपडे कुटुंब आल्यावर, मापे कळल्यावर. पुष्कळ भात शिजेल असे पातेले आणि चहाचे छोटे काचेचे पेले मात्र आधीच. देणगी देणारे कुटुंबाचा फोटो मागत. तो आम्ही कुणालाही दिला नाही.

कुटुंब २०१७ च्या थंडीत आले. आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मूळचे होम्सचे. मधली वर्षे लेबनॉनच्या बेक्का खोऱ्यातल्या तंबूंच्या वस्तीत काढलेली. हातात आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची, ‘आयओएम’ अशी अक्षरे छापलेली प्लास्टिकची पिशवी. सगळे कागद त्या पिशवीत. हिवाळ्यात येणाऱ्या निर्वासितांना पिअर्सन विमानतळावरच कोट आणि बूट मिळतात, त्यामुळे चौघेही कोऱ्या कोटात बाहेर आले. आंटींनी घरून डाळभात आणि कोंबडीचा रस्सा आणला होता. तो गाडीत ठेवला आणि कुटुंबाला आधी झोपू दिले.

पहिल्या आठवड्यातली कामे ठरलेली असतात. पुनर्वसनासाठी आणलेले निर्वासित विमानातून उतरतात तेच कायमचे रहिवासी म्हणून. सोशल इन्शुरन्स नंबर काढायचा, प्रांताचे हेल्थ कार्ड काढायचे, बँकेत खाते उघडायचे, मुलीला शाळेत घालायचे, बालक भत्त्याचा अर्ज भरायचा. हा शेवटचा अर्ज सगळ्यांत मोलाचा. जुलै २०१६ पासून लागू झालेल्या ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’मध्ये कमी उत्पन्नाच्या घराला सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ६,४०० आणि त्यावरच्या मुलामागे ५,४०० डॉलरपर्यंत मिळत. गटाचे पैसे वर्षाने संपतात, हे पैसे संपत नाहीत. पण दर वसंतात प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले नाही, तर ते थांबतात. म्हणून उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरायचेच, हे पहिल्या महिन्यातच समजावून सांगावे लागते.

बँकेतला प्रसंग इथे सांगायला हवा. टेबलापलीकडे बँकेचा कर्मचारी, अलीकडे नवराबायको, दुभाषी फोनच्या स्पीकरवर, आणि बाजूला आमची हिशेबनीस. कर्मचारी सगळे प्रश्न हिशेबनीस बाईंना विचारत होता. पत्ता काय, खाते एकाच्या नावावर की दोघांच्या, कार्ड किती हवीत. बाईंना सगळी उत्तरे येत होती. त्यांनी आपली खुर्ची उचलून मागे, भिंतीला लावून ठेवली. मग कर्मचाऱ्याला त्या दोघांकडे पाहावेच लागले. दुभाष्याकडून प्रश्न गेला, नवराबायको आपसांत बोलले, आणि उत्तर आले, की दोघांच्या नावावर एकत्र खाते आणि कार्डे दोन. बायकोने सही केली. अक्षर सावकाश, उजवीकडून डावीकडे. गटाचे पैसे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच खात्यात जात. त्यांतून भाडे कुटुंब भरे, किराणा कुटुंब आणी. गटाने परस्पर घरमालकाला चेक द्यायचा नाही, हे आमचे ठरलेले होते. आपल्या हाताने भाडे भरले म्हणजे महिना कुठे संपतो ते कळते.

घर मिळवणे सगळ्यांत कठीण गेले. कॅनडात घर देताना पगाराचा दाखला आणि क्रेडिटचा इतिहास मागतात. परवा उतरलेल्या माणसाकडे दोन्ही नसतात. एका घरमालकाने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. ओंटारिओच्या कायद्यात अनामत म्हणून शेवटच्या एका महिन्याचेच भाडे मागता येते, म्हणून ते घर आम्ही सोडले. पुढे एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांचे घर मिळाले. जवळ अरबी किराणा दुकान, समोर बसथांबा, चालत जाण्याइतकी शाळा. गटातल्या दोघांना त्याहून मोठे, पण लांबचे घर पसंत होते. दोन्ही घरे कुटुंबाला दाखवली. त्यांनी दुकानाजवळचे घेतले.

दवाखान्याचा एक नियम परिचारिकेने घालून दिला होता, की मुलीला दुभाषी करायचे नाही. मुले शाळेत गेल्यावर बघता बघता इंग्रजी बोलू लागतात, आणि मग आईच्या पोटदुखीपासून वडिलांच्या झोप न येण्यापर्यंत सगळे डॉक्टरांना सांगायला तीच पुढे होतात. आठ वर्षांच्या मुलीने हे ऐकू नये आणि सांगू नये. म्हणून प्रत्येक भेटीला दुभाषी ठरवायचा, मग तो फोनवर का असेना. मुलांचे दात किडलेले होते, ते पहिल्या काही महिन्यांत नीट करून घेतले. युद्धाबद्दल आम्ही कुणीच काही विचारले नाही. वडिलांना जेव्हा सांगावेसे वाटले तेव्हा त्यांनी बसचालकाला सांगितले, गाडीत, रस्त्याकडे बघत. ते त्या दोघांतच राहिले.

गटात खरा वाद झाला तो तिसऱ्या महिन्यात. वडील होम्समध्ये फरशी बसवण्याचे काम करत. एका अरबी बोलणाऱ्या ठेकेदाराने त्यांना काम देऊ केले. नवागतांसाठी सरकारचे ‘लिंक’ नावाचे इंग्रजीचे मोफत वर्ग असतात, त्यात ते नुकतेच बसू लागले होते. मास्तरांचे म्हणणे, की वर्षभर खर्चाची सोय आहे तर वर्षभर शिकावे, भाषा आली की काम कायमचे मिळेल. त्यांचे म्हणणे बिनचूक होते. वडिलांचे म्हणणे असे, की तंबूत राहिलो ती सगळी वर्षे शिधा दुसऱ्याच्या हातून घेतला, आता मुलांनी बापाला सकाळी कामावर जाताना पाहावे. तेही बिनचूक होते. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी आंटींचे तेच वाक्य उरले. वडील कामावर गेले आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला जाऊ लागले. त्याची किंमत पडली. त्यांचे इंग्रजी बायकोच्या मागे राहिले आणि नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पातळीला पोचायला त्यांना जास्त वर्षे लागली. पण घरात पगार आला. आपल्या नावाची पगाराची पावती आली. पुढचे घर शोधताना तीच पावती घरमालकापुढे ठेवता आली.

आईची अडचण वेगळी होती. वर्ग होता, पण धाकट्याला सांभाळायची सोय असलेल्या वर्गात जागा नव्हती. ती मिळेपर्यंत काही महिने गेले. त्या काळात मास्तरांची बायको आठवड्यातून काही सकाळी मुलाला सांभाळायला येऊन बसे आणि आई वाचनालयातल्या गप्पांच्या इंग्रजी वर्गाला जाई. पुनर्वसनात अडते ते बहुतेक वेळा अशा ठिकाणी, दोन तास मूल कोण बघणार, यावर.

या कामातले लोक ‘तेरावा महिना’ म्हणतात. बारा महिने संपले, की गटाची जबाबदारी संपते. तेव्हा कुटुंब आपल्या पायावर असते, नाहीतर प्रांताच्या मदतनिधीकडे वळते. तो त्यांचा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही. पण तेराव्या महिन्याची तयारी पहिल्या महिन्यापासून व्हावी लागते. आम्ही दहाव्या महिन्यात कुटुंबाबरोबर बसून कागदावर हिशेब मांडला. पगार, बालक भत्ता, भाडे, वीज, बसचे पास. शिवाय प्रवासाच्या कर्जाचा हप्ता. निर्वासितांना विमानाचे तिकीट आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी सरकार कर्ज देते आणि ते फेडावे लागते. २०१५–१६ च्या त्या मोठ्या मोहिमेत आलेल्या सीरियन लोकांना ते माफ होते, नंतर आलेल्यांना नव्हते. २०१८ मध्ये त्यावरचे व्याज तेवढे रद्द झाले. हिशेब जेमतेम जुळत होता. आईने कागद आपल्याकडे ओढला आणि गटाने लावून दिलेले टीव्हीचे महागडे पॅकेज खोडले. मग मात्र हिशेब जुळला.

तेराव्या महिन्यात आमच्याकडून पैसे गेले नाहीत आणि भाडे वेळेवर भरले गेले. फोन येत राहिले, पण शाळेच्या कागदांसाठी कमी आणि जेवायला बोलावण्यासाठी जास्त. पुढे कुटुंबाने आईच्या बहिणीला आणण्यासाठी स्वतःच लोक जमवले. आधी आलेली माणसे नंतर आपल्या नात्यातल्यांना आणतात, हे या व्यवस्थेत सगळीकडे दिसते. १९७९ पासून नागरिकांच्या गटांनी तीन लाखांहून अधिक निर्वासित आणले. त्यात अशा कुटुंबांचा वाटा फार मोठा आहे.

पण अर्जांचे ढीग साचले. २९ नोव्हेंबर २०२४ पासून सरकारने पाच जणांच्या गटांचे आणि सामाजिक संस्थांचे नवे अर्ज घेणे थांबवले. सरकारशी करार असलेल्या संस्थांचे दार तेव्हा उघडे राहिले, पण त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जागा मर्यादित असतात. ढीग उपसायला हवा, हे मला मान्य आहे. दार फार काळ बंद राहू नये, असेही मला तितक्याच ठामपणे वाटते. कारण या व्यवस्थेत माणूस छावणीतून निघतो तेव्हा इथे पाचसहा माणसे आधीपासून त्याची असतात. कुठलेही सरकारी खाते त्याला ते देऊ शकत नाही.

दार उघडेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन इथल्या मराठी घरांत आता वेळ आणि सवड असलेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांतले कित्येक जण आयुष्यभर हिशेबच करत आले आहेत. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रे फुकट भरून देणारी स्वयंसेवकांची केंद्रे चालतात आणि त्यांना माणसे कमी पडतात. तिथे एक संध्याकाळ बसले, तर एखाद्या घराचा वर्षभराचा बालक भत्ता थांबायचा वाचतो. वाचनालयातल्या इंग्रजी वर्गांना बोलायला माणसे हवी असतात. आणि एखाद्या आईला आठवड्यातून दोन सकाळी, तिचे मूल सांभाळणारे कुणीतरी हवे असते. सुरुवात यांतल्या कुठल्याही कामाने करता येईल. काम कोणते ते ठरवण्याआधी मात्र त्या कुटुंबाला विचारावे.