अनारशाचा हिशोब

दीपावलीचा फराळ घरी करावा की आणावा, हा प्रश्न आमच्या रहिमतपुरासारख्या गावात पूर्वी कोणी विचारलाच नसता. वसुबारसेच्या आधी आठवडाभर प्रत्येक वाड्यातून भाजणीचा खमंग वास येई, गिरणीपुढे डब्यांची रांग लागे. विकतचे पदार्थ घेणे म्हणजे घरात बाईमाणूस नसल्याची कबुली, अशी समजूत होती. आता साताऱ्याच्या पेठेतच नव्हे, तर आमच्या बाजारातही चकल्या, कडबोळी, अनारसे तयार मिळतात; आणि घेणाऱ्याला संकोच वाटत नाही.

मी कीर्तनकार. गेली पस्तीस वर्षे पूर्वरंगात आहारशुद्धीचा विषय निघाला की विकतच्या नैवेद्यावर मी हटकून कोरडे ओढीत आलो. गीतेच्या सतराव्या अध्यायातला ‘यातयाम’ हा शब्द घ्यावा, प्रहर उलटलेले अन्न तामस असा अर्थ सांगावा, आणि दुकानातल्या बरणीकडे बोट दाखवावे, हा माझा शिरस्ता. गतवर्षी सूनबाईंनी शांतपणे विचारले, “बाबा, आपल्या डब्यातली चकलीसुद्धा पंधरा दिवसांची असते ना?”

प्रश्न बिनतोड होता. पोथ्या पुन्हा उघडल्या. शंकराचार्यांनी ‘यातयाम’ याचा अर्थ प्रहर उलटलेले असा न करता ‘अर्धवट शिजलेले’ असा केला आहे. रामानुजाचार्य मात्र ‘फार वेळ राहिलेले’ या अर्थाकडे जातात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर स्निग्ध पदार्थाने युक्त असे अन्न शिळे झाले तरी खाण्यास योग्य, असा स्पष्ट अपवाद आहे. आपला सारा फराळ या अपवादात बसतो, आणि दुकानातलाही! म्हणजे शास्त्राचा आक्षेप शिळेपणावर टिकत नाही. प्रश्न उरतो तो स्नेहाचा. तळण कोणते, आणि ते कितव्यांदा तापवलेले?

इथे घरचे ते सारे शुद्ध, हा अभिमानही तपासून घ्यावा. माझ्या बालपणी आमच्या घरात करंज्या तळल्या जात त्या ताडाचे झाड असलेल्या पिवळ्या डब्यातल्या वनस्पती तुपात. साजूक तूप फक्त नैवेद्याच्या पाचांपुरते. त्या वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाने हृदयाला अपाय होतो हे आम्हांला कुठे ठाऊक होते? आज कायद्याने तेलातुपातील त्याचे प्रमाण 2022 पासून दोन टक्क्यांच्या आत आणले आहे. तसेच पुन्हा पुन्हा तापवलेल्या तळणातील घातक घटक पंचवीस टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. आपण घरी उरलेले तळण फोडणीला घालून संपवतो. मोठ्या कढईचे ते काय होते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. खरा फरक एवढाच, पण तो लहान नाही.

आता खर्च. सूनबाईंनी वही काढली आणि आम्ही अनारशाचा हिशोब मांडला. अर्धा किलो जुना तांदूळ 30 रुपये, जवळजवळ तेवढाच गूळ 27, पन्नास ग्रॅम खसखस 90, तळणात मुरलेले तूप 200, गॅस 20, एकूण 367. अनारसे झाले सव्वा किलोला किंचित कमी. पेठेत तेवढ्याच मालाला साडेसातशेच्या वर मोजावे लागले असते, तेही पुष्कळदा गुळाऐवजी साखरेचे. चारशे रुपये वाचले, म्हणून मी समाधानाने मान डोलावली.

तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि माझे तास?”

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. या आंबण्यानेच अनारशाला जाळी पडते. मग ते उपसून कापडावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, बारीक चाळणीने चाळायचे, गूळ कालवून गोळा मुरत ठेवायचा. तळतानाही उसंत नाही. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवीत एकेक काढायचा. वाट पाहण्याचे दिवस वगळून नुसते हातांचे काम पाच तासांचे. म्हणजे वाचले ते ताशी 80 रुपये, आणि तेही दुखऱ्या मनगटाचे. पस्तीस वर्षे मी गादीवरून ज्या पदार्थाची थोरवी गाइली, त्याचे पीठ एकदाही चाळले नव्हते.

श्रमाचा हा भाग आपल्या बायकांनी फार पूर्वी ओळखला होता. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्यांची मापे देऊन नवख्या मुलींची धास्ती घालवली. त्याआधी, 15 मार्च 1959 रोजी, गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यांचा लिज्जत पापड आज घरोघरी आहे. तो विकतचाच, पण लाटणारीला तिच्या घामाचा मोबदला देणारा. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या भगिनीही चकल्या करतात. त्यांच्याकडे जाऊन कढई पाहता येते, तेल कोणते हे विचारता येते. चकल्या आणि शेव यंदा तिथूनच आणायचे ठरले.

अनारसे मात्र घरीच. अधिक मासात तेहतीस अपूपांचे दान सांगितले आहे. ‘अपूप’ हा शब्द ऋग्वेदात येतो, आणि परंपरा त्याचे नाते या जाळीदार पदार्थाशी जोडते. 2023 च्या अधिक श्रावणात जावयांच्या वाणासाठी तेहतीस अनारसे सौभाग्यवतींनी एकटीने केले होते. या खेपेस लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यापुरते करायचे, आणि कुटणे-चाळणे माझ्याकडे.

पीठ मी चाळले, थापलेही. पहिला अनारसा तुपात सोडला मात्र, तो पसरून विरघळला. “हसला!” सौभाग्यवती म्हणाल्या आणि स्वतःही हसल्या. गूळ जास्त झाला होता. गोळ्यात थोडी कोरडी पिठी मळून घ्यायला त्यांनी सांगितले, आणि मी पुन्हा चाळणी हातात घेतली.