शनीचं राक्षसभुवन: गोदाकाठचा एक दिवस

राक्षसभुवनला जायचं ठरलं की आधी जायकवाडीची चौकशी करावी आणि मगच सोबतीला कोण येतंय ते पाहावं. पैठणच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिलाय, अशी बातमी असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. गोदावरीला मोठं पाणी आलं की शनीच्या मंदिरात पाणी शिरतं आणि जवळचं पांचाळेश्वर तर नदीच्या पात्रातच उभं आहे. गेवराई तालुक्याच्या या काठावर कधी यायचं, कुठं उभं राहायचं, किती वेळ थांबायचं, हे नदी ठरवते. दोनशे साठ वर्षांपूर्वी एका लढाईचा निकालही तिनंच लावला होता.

वाट सोपी आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरकडून येताना शहागडचा पूल ओलांडला की गोदावरी मागे पडते आणि बीड जिल्हा सुरू होतो. सोलापूरकडून येणाऱ्याला बीडनंतर गेवराई लागते. गेवराईला रेल्वे नाही. बीडला ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली, तेव्हा अहिल्यानगरकडून येणाऱ्यांची थोडी सोय झाली. पुढं एसटी किंवा स्वतःचं वाहन. बसमध्ये तिकीट मागताना नुसतं राक्षसभुवन म्हणू नका, ‘शनीचं राक्षसभुवन’ म्हणा. याच नावाचं दुसरं गाव शिरूर कासार तालुक्यात आहे आणि चुकलात तर अख्खा दिवस गेला.

बहुतेक लोक इथं शनिवारी येतात. शनीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक, अशी श्रद्धा आहे. शनी अमावास्येला तर पाय ठेवायला जागा नसते. तेल वाहायचं, हात जोडायचे आणि तासाभरात गाडी परत महामार्गाला लावायची, असा एकूण रिवाज. श्रद्धेनं येणाऱ्याला मी काही सांगणार नाही, पण ज्याला गाव पाहायचंय त्यानं मंगळवार-बुधवार निवडावा. गणपतीच्या एकवीस क्षेत्रांमध्ये गणला जाणारा विज्ञान गणेशही याच गावात आहे. दत्तात्रेयांनी इथं तप करून त्याची स्थापना केली, असं परंपरा सांगते. शनिवारच्या गर्दीत तो अनेकांच्या नजरेतून सुटतो, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आणि मग नदीकडे चला. १० ऑगस्ट १७६३ चा दिवस डोळ्यांपुढे आणायचा तर इथूनच.

पानिपतावर मराठ्यांची कर्ती पिढी गारद होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. आदल्याच वर्षी आळेगावला काका राघोबादादांपुढे त्यांना नमतं घ्यावं लागलं होतं. ही घरची दुही हेरून निजाम अली खान थेट पुण्यावर चालून आला. शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. मराठ्यांनी समोर उभं ठाकण्याऐवजी निजामाच्याच मुलुखात शिरून तिकडे लुटालूट केली. पावसाळ्यात निजाम औरंगाबादेकडे निघाला आणि राक्षसभुवनच्या उतारावर गोदावरी ओलांडू लागला. तो स्वतः काही फौजेनिशी पलीकडे पोचला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच राहिला. मधे फुगलेली नदी. निजामाच्या बाजूला गेलेले नागपूरकर जानोजी भोसले तोवर फोडले गेले होते.

मराठे नेमके याच वेळी तुटून पडले. लढाईत एका क्षणी राघोबादादांचा हत्तीच शत्रूनं वेढला. माधवरावांनी ताज्या दमाचे स्वार घालून त्यांना सोडवलं. ज्या काकानं वर्षभरापूर्वी नमवलं, त्याच्यासाठी या पोरसवदा पुतण्यानं जीव पणाला लावला. मला या लढाईत विजयापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडून निजामाला मदत पाठवता आली नाही. सप्टेंबरात तह झाला आणि ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. पानिपतानंतर मान वर करायला इथं जागा मिळाली. तरीही हा भाग पुढं निजामाच्याच राज्यात होता, तो थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत.

आज काठावर उभं राहिलं तर हे सहजी पटत नाही. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झालं आणि वरचं पाणी नाथसागरात अडू लागलं. धरण भरेपर्यंत खाली फारसं पाणी येत नाही, त्यामुळे ऐन ऑगस्टातही कधी पात्रात नुसती धार दिसते. म्हणून नजर पाण्यावर ठेवू नका. या काठापासून त्या काठापर्यंतचं अंतर पाहा, पुराच्या पाण्यानं कापलेल्या दरडी पाहा, तेवढ्या रुंदीत गढूळ पाणी भरा. मग पलीकडचा निजाम किती दूर होता ते कळतं. पात्रात उतरायचा मोह मात्र टाळा. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

दुपार पांचाळेश्वरसाठी ठेवा. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. दत्तात्रेय प्रभू रोज दुपारी भोजनाला इथं येतात, ही श्रद्धा. त्यामुळे दुपारीच जाण्यात गोडी आहे. चक्रधर स्वामींच्या पायांचा स्पर्श या काठाला झाला, म्हणून महानुभाव भाविक इथं ‘दंडवत प्रणाम’ म्हणत स्थानाला माथा टेकतात. मूर्तीपेक्षा जागेला नमस्कार करणारा हा पंथ. स्वामी कुठं बसले, देवळाचं दार कोणत्या दिशेला होतं, हे सारं त्यांनी बारकाईनं टिपून ठेवलं. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ म्हणजे अशा टिपणांचाच ग्रंथ. गावाची माहिती देणारं मराठीतलं इतकं जुनं, इतकं नेटकं लेखन दुसरं मला ठाऊक नाही. पात्रातल्या त्या दगडी देवळापाशी उभं राहिलं की ते लिहिणाऱ्यांची चिकाटी जाणवते.

हाताशी दुसरा दिवस असेल तर नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण येतं: भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, जिथून गोमेदासारखे दगड गाड्यांत घालून बंदराकडे जात. तिथून आणखी दहा दिवसांवर तेर. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिच्याशी साम्य असणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या राखेत सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुट्टीत नेपल्स पाहायला जाणारी मराठी माणसं वाढलीत. त्यांनी निघण्याआधी तेर आणि पैठण पाहिलेलं असावं, असं मला फार वाटतं. वेळ कमी असेल तर तलवाड्याच्या डोंगरावरची त्वरितादेवी तेवढी करा.

यायचे महिने डिसेंबर-जानेवारी. ऊन सोसवतं, काळ्या रानात ज्वारी निसवलेली असते आणि ओळख निघाली तर कुणीतरी हुरड्याला थांबवतंच. एरवी भाकरी, पिठलं, ठेचा घरूनच बांधून आणलेला बरा. पाण्याची बाटली, टोपी आणि काठाच्या दगडांवर न घसरणाऱ्या चपला घ्या.

संध्याकाळी पुन्हा राक्षसभुवनच्या घाटावर या. मंदिरातली वर्दळ ओसरलेली असते, पलीकडच्या गावांतले दिवे एकेक लागत जातात. तिथून उठावंसं वाटत नाही. म्हणून सकाळी बसमधून उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, गेवराईची शेवटची गाडी किती वाजता.