मारुतीराया, वारा पाठीमागून येऊ दे!

कन्हेरी गावच्या मारुतीला नमस्कार करून अमेरिकेला निघालेल्या माणसाने पवनपुत्राकडे एवढंच मागावं. कारण विमानाला किती वेळ लागणार, हे किलोमीटरइतकंच वाऱ्यावरही ठरतं.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना चौदा-साडेचौदा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर. जाताना ते अडवतात, येताना ढकलतात. 9 फेब्रुवारी 2020 रोजी तर वादळी वाऱ्यावर स्वार झालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी सहा तासांहून जास्त लागतात.

त्याहून मजेशीर किस्सा एअर इंडियाचा. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून पाठवलं. रस्ता सुमारे 1400 किलोमीटरने लांबला आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी घटला! साडेचौदा तासांत 15,300 किलोमीटर. कोंडी चुकवायला लांबच्या रस्त्याने गाडी घालणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही.

विमानातल्या नकाशावर रेघ कमानीसारखी उत्तरेकडे चढलेली दिसली, की आपल्याला उगाच फिरवून नेतायत अशी शंका येते. घरी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, जवळची वाट तीच निघते. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल, पापगारी तन्मयी, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मनहास या चौघींनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं ते थेट उत्तर ध्रुवावरून, सुमारे सतरा तासांत.

हे तास जास्त वाटतात? 8 जून 1948 ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला टेकलं होतं. आज थेट विमानाला दहा तासांच्या आसपास लागतात.

आणि कन्हेरीपासून जगातली सर्वांत लांबची जागा कुठली? अमेरिका नव्हे. पृथ्वीच्या नेमक्या पलीकडे, वीस हजार किलोमीटरवर, पॅसिफिकचं नुसतं पाणी आहे. तिथून ईस्टर बेटसुद्धा हजारेक किलोमीटर लांब. सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातली विक्रमी थेट फेरी जेमतेम 15,300 किलोमीटरची, त्यामुळे तिकडे एका दमात नेणारं प्रवासी विमान अजून सेवेत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोहून त्या चौघी निघाल्या 9 तारखेला रात्री आणि उतरल्या 11 च्या पहाटे. तेव्हा विमानतळावर न्यायला येणाऱ्याला वेळेआधी तारीख सांगा.